अनोळखी माणसाला मेसेज करताना आपली ओळख कशी द्यावी

माझ्या फोनवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी एखादा अनोळखी नंबर 'हाय' म्हणतो आणि गप्प बसतो. मीही गप्प बसते. तासाभराने 'हॅलो' येतं, रात्री नुसतं प्रश्नचिन्ह. पुढे कधीतरी तिसऱ्याकडून कळतं की त्या माणसाला खरंच काम होतं, तेही माझ्याकडेच, आणि आता मी फार भाव खाते असं त्याचं पक्कं मत झालंय.

मी जर्मनमधून मराठीत भाषांतरं करते. निम्मी कामं अनोळखी लोकांकडूनच येतात, त्यामुळे अशा मेसेजचा मला तिटकारा असायचं कारण नाही. अडचण एवढीच की अनोळखी मेसेज उघडताना माझ्या डोक्यात चार प्रश्न असतात. हा कोण? याला माझा नंबर कुठून मिळाला? याला काय हवंय? यात माझा किती वेळ जाणार? पहिल्याचं उत्तर बरेच जण देतात. तिसऱ्याचं आडवळणाने देतात. चौथ्याचं क्वचित कुणी देतं. दुसऱ्याचं मात्र जवळजवळ कुणीच देत नाही, आणि गाडी अडते ती तिथेच.

खालचे टप्पे सांगितलेल्या क्रमानेच घ्या. प्रत्यक्ष लिहायला सुरुवात चौथ्या टप्प्यावर आहे.

## १. आधी काम एका वाक्यात मांडा

मेसेजचं ॲप उघडायच्या आधी कुठेतरी हे वाक्य पुरं करा: 'मला अमुक व्यक्तीकडून अमुक गोष्ट हवी आहे, अमुक दिवसापर्यंत.' तिन्ही जागा भरता आल्या तरच पुढे जा.

'मार्गदर्शन हवंय', 'थोडं बोलायचं होतं', 'ओळख वाढवायची आहे' यांनी जागा भरत नाही. मार्गदर्शन कशाबद्दल? दोन अभ्यासक्रमांपैकी कुठला घ्यावा याबद्दल, की केलेलं भाषांतर तपासून हवंय? पहिल्याला दोन ओळींचं उत्तर पुरतं, दुसऱ्यात समोरच्याची संध्याकाळ जाते. हा फरक तुम्हालाच ठाऊक नसेल तर समोरच्याने तो ओळखायचा कसा?

त्याच वेळी हेही बघा की तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या व्यक्तीने आधीच कुठे जाहीर देऊन ठेवलंय का. दर, वेळा, अर्ज करायची पद्धत अशा गोष्टी पुष्कळदा त्यांच्या प्रोफाइलवरच असतात.

तपासणी: ते एक वाक्य घरातल्या कुणाला वाचून दाखवा. 'म्हणजे नक्की काय?' असं विचारलं गेलं तर ते परत लिहा.

## २. मार्ग ठरवा, आणि नंबर कुठून घेतला ते लक्षात ठेवा

त्या व्यक्तीने कामासाठी जो पत्ता स्वतःहून दिलेला असेल, तोच वापरायचा. ई-मेल दिला असेल तर ई-मेल. व्हॉट्सॲप नंबर दिला असेल तर व्हॉट्सॲप. 'मेलला उत्तर यायला उशीर लागतो' म्हणून खासगी नंबर हुडकून काढणाऱ्यांबद्दल पहिलं मत काय होतं, ते सांगायला नको.

नंबर मध्यस्थाकडून मिळणार असेल तर मध्यस्थाला दोन गोष्टी विचारा: 'त्यांचा नंबर दिलेला त्यांना चालेल का?' आणि 'तुमचं नाव सांगू का?' दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मध्यस्थाचं आणि त्या व्यक्तीचं आता जमत नसेल, तर त्याचं नाव घेतल्याने तुमचंच काम बिघडतं.

सर्वांत नाजूक प्रकार म्हणजे ग्रुपमधून उचललेला नंबर. एकाच ग्रुपमध्ये असल्यामुळे नंबर दिसतो, एवढंच. तो वापरावाच लागला तर तसं स्पष्ट लिहा: 'आपण दोघं अमुक ग्रुपमध्ये आहोत, नंबर तिथून घेतला.' लपवलंत तर समोरचा माणूस उरलेला मेसेज वाचण्याऐवजी 'नंबर कुणी दिला असेल' याच विचारात राहतो.

मार्गागणिक थोडं बदलतं:

- एसएमएस: इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. मात्रा, अनुस्वार, स्पेस सगळं त्यात मोजलं जातं. नाव, नंबर कुठून मिळाला आणि 'व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहू का?' एवढ्यावर थांबा.
- इन्स्टाग्राम, फेसबुक: ज्यांच्याशी आधी संबंध नाही त्यांचा मेसेज सहसा 'रिक्वेस्ट'च्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. तो कप्पा महिनोन्महिने न उघडणारे लोक आहेत (मी त्यातलीच). तिथली शांतता म्हणजे नकार समजू नका.
- ई-मेल: विषयाच्या ओळीत काम लिहा. 'नमस्कार' किंवा 'चौकशी' नको. 'जर्मन पत्रांच्या भाषांतराबद्दल, १२ पत्रं' असं लिहिलं की उघडायच्या आधीच अर्धं काम कळतं.

सावधान: तोच मेसेज एकाच दिवशी मेल, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम अशा तिन्ही ठिकाणी टाकू नका. समोरच्याला घेरल्यासारखं वाटतं.

## ३. तुम्ही तिकडे कसे दिसता ते बघा

तुमचा नंबर साठवलेला नसेल तर व्हॉट्सॲपवर समोरच्याला नंबर दिसतो, आणि सोबत तुम्ही स्वतः ठेवलेलं प्रोफाइलचं नाव, आधी एक नागमोडी खूण लावून. ते नाव नुसतं टिंब असेल, इमोजी असेल किंवा 'किंग' असेल, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच बिघडलं. पूर्ण नाव ठेवा.

फोटोचं मात्र मी कुणाला सक्तीने सांगणार नाही. अनोळखी माणसाला आपला चेहरा दिसू नये असं वाटणं रास्त आहे, आणि त्यासाठी सेटिंगही आहे. फोटो दाखवायचा नसेल तर नाव आणि मजकूर चोख ठेवा, तेवढं पुरतं. फक्त एखाद्या नटाचा किंवा दुसऱ्याच कुणाचा फोटो लावलेला असेल तर तेवढ्यापुरता काढा.

तपासणी: ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर नाही अशा कुणाला तरी एक मेसेज टाका आणि त्याच्या पडद्यावर काय दिसतं ते बघा. पुष्कळांना तिथे तीन वर्षांपूर्वी गमतीत ठेवलेलं नाव भेटतं.

## ४. संबोधन

'नमस्कार' कुठेही चालतं. 'हाय'ही चालतं, फक्त त्यापुढे त्याच मेसेजमध्ये मजकूर हवा.

नावाचं स्पेलिंग त्या व्यक्तीने स्वतः जसं लिहिलंय तसंच घ्या. किरण, सुहास, शशी अशा नावांवरून स्त्री की पुरुष हे ठरवू नका. 'सर' की 'मॅडम' याची खात्री नसेल तर 'नमस्कार किरण देशपांडे' असं पूर्ण नाव घ्या. 'तुम्ही' वापरल्यावर मराठी आपल्याला बरंच सांभाळून घेते. 'तुम्ही लिहिलेला लेख वाचला', 'तुम्हाला वेळ असेल तर' यात समोरची व्यक्ती बाई की पुरुष हे कुठेच उघड करावं लागत नाही. 'तुम्ही शिकवता' चालून जातं. 'तुम्ही आलात का' हेही चालतं. घोटाळा होतो तो 'कशा आहात' आणि 'कसे आहात' यात, आणि तो प्रश्न अनोळखी माणसाला विचारायची तशीही गरज नाही.

'तू' अजिबात नको, समोरचा वयाने लहान दिसत असला तरी. 'ताई', 'दादा', 'काका' ही नाती समोरच्याने स्वतःहून दिली तर घ्यावीत. 'सौ.' किंवा 'कुमारी' लिहायचा तर विचारही करू नका.

## ५. पहिल्या दोन ओळी: मी कोण, आणि तुमच्यापर्यंत कसा आलो

बंद फोनच्या पडद्यावर मेसेजची सुरुवातीची एखादी ओळ दिसते. ती जागा 'नमस्कार, आशा आहे आपण कुशल असाल, आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व' यात घालवली तर हाती काहीच लागत नाही. तिथे नाव आणि दुवा (त्या व्यक्तीपर्यंत कसे पोचलात ते) यायला हवा.

आता नावापुढे काय लिहायचं? इथे लोक एक तर काहीच लिहीत नाहीत, नाहीतर शिक्षणापासून छंदांपर्यंत सगळं लिहितात. कामाला जेवढी ओळख लागते तेवढीच द्या. समजा प्राजक्ता नावाची एक बाई शाळेत गणित शिकवते. ती तीन वेगवेगळ्या लोकांना मेसेज करतेय:

पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला: 'मी प्राजक्ता, सातवी-आठवीला गणित शिकवते. तुमच्या पुस्तकातल्या अपूर्णांकांच्या धड्याबद्दल एक शंका आहे.'

सायकल विकणाऱ्याला: 'मी प्राजक्ता. सायकलची तुमची जाहिरात आज सकाळी बघितली. अजून आहे का?'

मुलाच्या मित्राच्या आईला: 'मी प्राजक्ता, ओंकारची आई. तुमचा नंबर वर्गशिक्षिकांकडून घेतला, त्यांनी तुम्हाला विचारूनच दिला.'

सायकलवाल्याला ती शिक्षिका आहे हे कळून काही फरक पडत नाही, म्हणून ते तिथे नाही. उलट लेखकाला तेच सर्वांत आधी कळायला हवं.

दुव्यात अतिशयोक्ती करू नका. एखाद्या कार्यक्रमात कुणाशी दोन वाक्यं बोललात म्हणून 'अमुक माझे चांगले स्नेही' असं लिहू नका. समोरचा फोन करून विचारू शकतो, आणि विचारतोही.

अर्धवट ओळखीचा प्रकार: एकदा भेटलेल्या माणसाला 'ओळखलंत का?' असं विचारणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं. त्याला उत्तर आलं नाही तर त्यालाच ओशाळं वाटतं, आणि ओशाळलेला माणूस उत्तर देत नाही. त्याऐवजी खूण द्या: 'मागच्या महिन्यात कार्यशाळेत आपण शेजारी बसलो होतो, तुम्ही मला तुमची वही दिली होती.' नाव विसरलं तरी वही आठवते.

## ६. मग काम, आणि त्याचं माप

पहिल्या टप्प्यात लिहिलेलं वाक्य आता इथे येतं. एका मेसेजमध्ये एकच मागणं. तीन प्रश्न असतील तर सर्वांत सोपा आधी विचारा. उत्तर आलं की पुढचे दोन विचारता येतात.

माप म्हणजे किती पानं, किती मिनिटं, कधीपर्यंत, पैसे देणार की नाही. पैशाबद्दल मराठी माणूस शेवटपर्यंत बोलत नाही, मीही त्यातलीच. पण अनोळखी माणसाला काम सांगताना 'याचे पैसे द्यायची तयारी आहे' किंवा 'हे काम विनामोबदला आहे, त्यामुळे नाही म्हणालात तरी समजू शकतो' हे पहिल्याच मेसेजमध्ये असावं. चार दिवस बोलणं झाल्यावर 'अहो, आमच्याकडे बजेट नाहीये' असं ऐकलं की माणूस पुढच्या अनोळखी नंबरलाही उत्तर देत नाही.

'लवकरात लवकर' लिहू नका, तारीख लिहा.

## ७. जोडून बघा

मला आलेल्या मेसेजच्या धर्तीवर एक नमुना देते, नावगाव बदललेलं आहे:

'नमस्कार मॅडम, कशा आहात? तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. मी एक छोटा व्यावसायिक असून मला वाचनाची प्रचंड आवड आहे. तुमच्याशी एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचं होतं. कधी कॉल करू?'

पाच वाक्यं, आणि नावाचा पत्ता नाही. 'खूप ऐकलंय', पण कुणाकडून? विषय महत्त्वाचा, पण कुणासाठी? कॉल कधी करू हे विचारलंय, कॉल करू का हे विचारलेलंच नाही. भाषा सभ्य आहे, माणूसही सभ्य असणार, तरी मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. आता तेच काम असं लिहून बघू:

'नमस्कार मॅडम, मी नीलेश साठे. तुम्ही माझ्या मावशीच्या, सुनंदा साने यांच्या कागदपत्रांचं भाषांतर केलं होतं. नंबर त्यांच्याकडून घेतला. आजोबांना आलेली १२ जर्मन पत्रं घरात सापडली आहेत, हाताने लिहिलेली, मिळून साधारण ३० पानं. त्यांचं मराठी भाषांतर करून हवंय. सध्या तुम्ही काम घेता का आणि दर काय, एवढं कळवाल का? घाई नाही, दोन महिन्यांत झालं तरी चालेल. एका पानाचा फोटो हवा असेल तर पाठवतो.'

याला मी पाच मिनिटांत उत्तर देईन, आणि तेही नेमकं: 'पत्रं कोणत्या सालची आहेत?' कारण जुन्या वळणाची जर्मन हस्तलिपी १९४१ साली तिथल्या शाळांमधून हद्दपार झाली. त्याआधी शिकलेल्यांची पत्रं त्या लिपीत असू शकतात, आणि ती मला वाचता येत नाही. म्हणजे कदाचित मी नाहीच म्हणेन. पण ते दोन मेसेजमध्ये ठरेल, आणि नीलेश दुसऱ्याकडे जायला मोकळा होईल.

शेवटच्या ओळीकडेही बघा. त्याने फोटो पाठवला नाही, पाठवू का असं विचारलं.

सावधान: फसवणारे ज्या पद्धतीने लिहितात तसा तुमचा मेसेज दिसायला नको. पहिल्याच मेसेजमध्ये लिंक, न विचारता जोडलेली फाइल, 'आजच करा' अशी घाई, नाव न सांगता 'या नंबरवर कॉल करा', यातलं काहीही असलं की सावध माणूस सरळ ब्लॉक करतो, आणि ते बरोबरच आहे. फाइल द्यायचीच असेल तर आधी ओळख, मग परवानगी, मग फाइल.

व्हॉइस नोट नको. ती ऐकायला इयरफोन शोधावे लागतात, चाळून बघता येत नाही. आधी न विचारता केलेला व्हिडिओ कॉल तर त्याहून वाईट.

## ८. पाठवण्याआधी

सगळं एकाच मेसेजमध्ये हवं. 'नमस्कार' एक, 'मी नीलेश' दोन, 'एक काम होतं' तीन असे तुकडे केले तर समोरचा फोन तीनदा वाजतो आणि पडद्यावर शेवटचा, सर्वांत निरर्थक तुकडा दिसत राहतो. व्हॉट्सॲपमध्येच टाइप करत बसलं की बोट चुकून 'पाठवा'वर पडतं, म्हणून आधी नोट्समध्ये लिहा आणि मग चिकटवा.

चिकटवण्यातही धोका आहे. एकदा मी एकाच कामासाठी दोन चित्रकारांना लिहिणार होते. पहिल्यांना लिहिलेला मेसेज उचलला, कामाचा तपशील बदलला, पाठवला. सुरुवातीला 'नमस्कार पाटील सर' तसंच राहिलं होतं. मेसेज गेला होता कुलकर्णी मॅडमना. त्यांचं उत्तर आलं: 'पाटील सरांना कळवते.' काम काही त्यांनी घेतलं नाही.

म्हणून हे पाहून घ्या:

- नाव याच व्यक्तीचं आहे ना?
- तुमचं नाव पहिल्या ओळीत आहे का?
- नंबर किंवा पत्ता कुठून मिळाला ते लिहिलंय का?
- फोनने स्वतःहून बदललेला एखादा शब्द राहिलाय का?
- आत्ता किती वाजलेत? रात्री साडेअकराला लिहून झालं असेल तर सकाळी पाठवा. समोरची व्यक्ती दुसऱ्या देशात असेल तर तिथली वेळ बघा.

चूक झालीच तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. पुसून टाकलात तर 'मेसेज डिलीट केला' अशी खूण तिथे राहते, आणि अनोळखी नंबरकडून तेवढीच खूण आलेली बघून कुणालाही शंका येईल. जीमेलमध्ये पाठवलेलं परत घ्यायला ५ ते ३० सेकंद मिळतात. सेटिंगमध्ये जाऊन ते आत्ताच ३० करून ठेवा.

## ९. पाठवल्यानंतर

निळ्या खुणा दिसल्या म्हणजे उत्तर द्यायला समोरचा बांधील झाला, असं होत नाही. लोक रांगेत उभे असताना वाचतात आणि विसरतात. चार-पाच दिवस जाऊ द्या, मग एकदाच आठवण करा, पूर्ण वाक्यात: 'नमस्कार, १२ जर्मन पत्रांबद्दल लिहिलं होतं. सध्या जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.' 'रिमाइंडर', 'काय ठरलं?' किंवा नुसतं प्रश्नचिन्ह नको. त्यावरही उत्तर नाही आलं तर विषय संपला. दुसऱ्या नंबरवरून परत लिहू नका, मध्यस्थाला 'जरा सांगा ना त्यांना' म्हणू नका.

नकार आला तर दोन शब्दांत आभार माना आणि थांबा. 'का बरं?' विचारू नका. 'दुसरं कुणी सुचवाल का?' हे एकदा विचारायला हरकत नाही.

होकार आला तर पुढे सरकण्याआधी ज्यांनी नंबर दिला त्यांना कळवा. हे फार कमी जण करतात.

आणि सगळं नीट लिहूनही कधीकधी उत्तरात एकच शब्द येतो: 'कोण?' राग मानू नका. त्या माणसाने फक्त शेवटची ओळ वाचलेली असते. 'मी नीलेश साठे, सुनंदा साने यांचा भाचा, पत्रांबद्दल वर लिहिलंय' एवढं परत लिहा, तोच मजकूर पुन्हा चिकटवू नका.